टाकाऊ वस्तूंतून देशी फुलांचे दागिने: कळलावीच्या पाकळीला लाट कशी आणायची?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. पाण्याच्या बाटल्या कापून फुलांचा हार केला, तो शाळेतल्या हस्तकलेसारखा दिसतो. रंग आठवड्याभरात सोलून निघाला. पाकळ्या मानेला टोचतात. त्यावर विचारलंय की आपल्याकडच्या देशी झाडांपैकी कोणती फुलं घ्यावीत आणि ती कशापासून करावीत.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसतं. फूल आधी ठरलं आणि मग हाताशी होतं ते प्लॅस्टिक त्याच्या आकारात कापलं गेलं. नुसती बाह्यरेषा कापून फूल होत नाही, फुलाचा कागदी साचा होतो. त्याऐवजी झाडाचं एकच ठळक लक्षण पकडायचं आणि ते ज्या टाकाऊ वस्तूच्या अंगात मुळातच आहे ती वस्तू शोधायची. बाटलीचं प्लॅस्टिक तापलं की आखडतं. पॉलिस्टरला वाफेत पडलेली चुणी सुटत नाही. सायकलची ट्यूब काळी आणि मखमली होऊ शकते. हे गुण फुलाच्या कामी आले तर रंग कमी लागतो, आणि रंग कमी म्हणजे सोलण्यासारखंही कमी.

देशी फुलं निवडताना आधी गुलमोहर वगळा, तो मादागास्करचा. जॅकरंडा, बोगनवेल, पांढरा चाफा (खुरचाफा) आणि घाणेरी ही मंडळी अमेरिका खंडांतून आलेली. दागिना त्यांचाही सुंदर होतो, पण त्याला देशी म्हणता येणार नाही. सुरुवातीला ही चार पुरेत: कळलावी, पळस, बहावा, तामण. सगळ्यात अवघड कळलावी, पण बाटलीचं प्लॅस्टिक नीट समजायचं असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा. ब्रोचच्या आकाराचं एक फूल धरून सांगतो.

कळलावीला सहा पाकळ्या असतात. फूल खाली मान घालून लटकतं आणि पाकळ्या मात्र उलट्या वर वळलेल्या. कडा लाटांसारख्या. बुडाशी आणि कडेला पिवळा रंग, टोकाकडे लाल. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात एका बाजूला वळलेली. ही वळलेली दांडी विसरलात तर फूल लिलीचं वाटेल. पानाचं टोक लांबून त्याचा तणावा होतो, तोही घ्यायचाच.

बाटली घ्या तळाशी त्रिकोणात १ आकडा असलेली, म्हणजे पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची. शीतपेयाची बाटली पाण्याच्या बाटलीपेक्षा जाड असते, तीच बरी. पाण्याची पातळ बाटली ज्योतीजवळ नेताच चुरगळते. मधला गुळगुळीत पट्टाच वापरायचा. गळा आणि तळ यांचं प्लॅस्टिक फुगवताना फारसं ताणलं गेलेलं नसतं, त्यामुळे ते तापवल्यावर आखडत नाही, नुसतं पांढरं पडतं. त्रिकोणात ३ असेल तर ती वस्तू पीव्हीसीची. ती ज्योतीजवळ कधीच नेऊ नका, तिच्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा वायू निघतो.

पाकळीचा साचा ६५ मिमी लांब आणि १६ मिमी रुंद, दोन्हीकडे निमुळता. तो बाटलीवर उभा ठेवायचा नाही, घेराला धरून आडवा ठेवायचा. याला दोन कारणं. एक, बाटलीची गोलाई पाकळीला आयती मिळते आणि ती आपसूक मागे वळते. दोन, कारखान्यात बाटली फुगवताना ती उंचीपेक्षा घेरात जास्त ताणली जाते, म्हणून तापल्यावर त्याच दिशेने जास्त आखडते. आपल्याला आखडायला हवी आहे ती लांबीच. सहा लागतात, आठ कापा. एखादी जळतेच, आणि एक पुढे दुरुस्तीला राहते.

आता लाट. बहुतेक जण इथे फसतात. कडा लाटदार हव्यात म्हणून कडाच मेणबत्तीवर धरतात आणि पाकळीची वाटी होते. कड आखडली म्हणजे ती मधल्या भागापेक्षा तोकडी झाली, आणि तोकडी कड पाकळीला आत ओढते. लाट येण्यासाठी कड मधल्या भागापेक्षा लांब असावी लागते. झाड हे कड जास्त वाढवून साधतं. आपल्याला प्लॅस्टिक वाढवता येत नाही, पण मधला भाग आखडवता येतो. परिणाम तोच.

त्यासाठी २५ वॅटची सोल्डरिंग गन घ्या. पाकळीचं बूड चिमट्यात धरा आणि गनचं टोक मधल्या शिरेवरून २ ते ३ मिमी अंतरावरून बुडापासून टोकाकडे सावकाश न्या. टेकवायचं नाही, टेकलं की भोक. पहिल्या फेरीत काही घडल्यासारखं वाटणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मधली शीर आत ओढली जाते आणि दोन्ही कडा आपोआप वर-खाली होऊ लागतात. पाकळी गरम असतानाच गोल तोंडाच्या पकडीने दर ८ मिमीवर कड एकदा वर, एकदा खाली ढकला. लाटा अगदी सारख्या आल्या तर पाकळी झालरीसारखी दिसते, म्हणून टोकाकडे त्या विरळ करा.

गन नसेल तर मेणबत्तीवरही जमतं, पण उष्णता मधल्या शिरेपुरती ठेवणं कठीण जातं. पाकळी ज्योतीच्या ४ ते ५ सेमी वर धरा. खाली आणली तर काजळी बसते आणि ती पुसून जात नाही. प्लॅस्टिक दुधी पांढरं होऊ लागलं म्हणजे ते जास्त तापलं आणि त्यात स्फटिक बनू लागले. तो भाग पुढे ठिसूळ होऊन तुटतो, तेव्हा पाकळी फेकाच. काम खिडकीजवळ, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून.

रंग सोलला त्याची कारणं सहसा दोन. पेटचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर बोटांचं तेल बसलेलं असतं, आणि रंगाला धरायला काही मिळत नाही. दुसरं, रंग दर्शनी बाजूला लावला तर तो कपड्यावर, केसांवर सतत घासला जातो. नेलपॉलिश तर लावूच नका. त्याचा थर कडक असतो, पाकळी वाकली की तडकतो. पाकळी आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा, मागच्या बाजूला ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवा आणि ॲक्रिलिक रंग मागूनच लावा. समोरून बाटलीची मूळ चकाकी राहते आणि रंग तिच्याआड सुरक्षित. फक्त क्रम उलटा करायचा. मागून रंगवताना जे आधी लावाल ते समोरून वर दिसतं. म्हणून आधी टोकाकडचा लाल, स्पंजने टिपत टिपत, बुडाकडे विरळ करत आणि कडा सोडून. तो वाळला की सगळ्यावर पिवळा. पातळ दोन हात द्या, मध्ये दोनेक तास, नंतर २४ तास हात लावू नका.

रंगवायचं ते आकार दिल्यानंतर. आधी रंगवून तापवलं तर प्लॅस्टिक आखडतं, रंगाचा थर आखडत नाही, आणि बुडबुडे येतात. आणखी एक: पारदर्शक प्लॅस्टिकवरचा पातळ रंग खिडकीत धरल्यावर झकास दिसतो आणि गडद कपड्यावर लावला की विझतो, कारण मागून प्रकाशच येत नाही. ब्रोच गडद कपड्यावर लावायचा असेल तर पिवळ्याच्या मागे पांढऱ्याचा एक हात द्या. कानातल्यांना तो देऊ नका, तिथे प्रकाश आरपार जाण्यातच मजा आहे.

पुंकेसरांसाठी जुनी लॅन केबल, म्हणजे संगणक नेटवर्कला जोडायची वायर, शोधा. तिच्यात चार पिळलेल्या जोड्या, म्हणजे आठ तारा असतात, आणि प्रत्येक तार सुमारे अर्धा मिमी जाड. हिरवी, नारिंगी, निळी, तपकिरी आणि या चारींची पांढरट भावंडं. भिंतीतून ओढलेली केबल घ्या, तिची तार सलग असते. संगणकाला लावायच्या लवचिक वायरीत बारीक तंतूंचा जुडगा असतो, तो वाकवलेला आकार धरत नाही. एक टोक ब्लेडने खरवडून बघा. लाल तांब्याच्या आत पांढरा धातू दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. दोनतीनदा वाकवली की तुटेल. हिरवी तार आवरणासकट वापरली की पुंकेसराची दांडी रंगवावीच लागत नाही. ५० मिमीचे सहा तुकडे करा. प्रत्येकाचं टोक ८ मिमीवर इंग्रजी टी अक्षरासारखं आडवं वळवा, तो परागकोश. सातव्या तुकड्याला बुडाशी काटकोन द्या आणि टोकाला आणखी दोन छोटे तुकडे बांधून तीन फाटे करा, ते स्त्रीकेसर. आवरण काढायचं तर ब्लेडने सोला. केबल जाळून तांबं काढण्याची पद्धत विषारी आहे, ती घरातच काय, मोकळ्यावरही करू नये.

जोडणीत गोंदावर भिस्त ठेवू नका. पेटवर इन्स्टंट गोंद सुरुवातीला घट्ट धरतो, पण सांधा हलता असेल तर सुटतो, शिवाय आजूबाजूला पांढरी वाफ बसते ती वेगळीच. प्रत्येक पाकळीच्या बुडापासून ४ मिमीवर तापवलेल्या सुईने १.५ मिमीचं भोक पाडा. कडेला याहून जवळ भोक पाडलं तर तिथूनच चीर जाते. घरगुती वायरिंगच्या एकेरी तारेचा, म्हणजे १ चौरस मिमीवाल्या तारेचा, १५ सेमीचा तुकडा दुमडून देठ करा. पुंकेसर त्याला बांधा, मग बारीक तार पाकळ्यांच्या भोकांतून ओवून देठाला पाच-सहा वेढे द्या. आधी तीन पाकळ्या, मग त्यांच्या फटींत उरलेल्या तीन. सहाही एकाच रांगेत बांधल्या की फूल चपटं होतं.

तणाव्याचं पान हिरव्या बाटलीतून कापा. पान ५० मिमी, आणि टोकाला ३ मिमी रुंद, ७० मिमी लांब शेपूट. ही शेपटी विणायच्या ३ मिमीच्या सुईवर गुंडाळून टोक दोऱ्याने बांधा. नुकतंच उकळून उतरवलेल्या पाण्यात फक्त शेपटी १० सेकंद बुडवा, लगेच थंड पाण्यात घाला आणि मग सुई काढा. पेट ७५ अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे इथे ज्योतीची गरज नाही. पान पाण्यात गेलं तर तेही वेडंवाकडं होईल.

ब्रोचची पिन फुलाच्या मधोमध लावली तर फूल पुढे तोंडावर पडतं. पिन वरच्या एक तृतीयांश भागात आडवी हवी आणि मागे सायकलच्या ट्यूबची २२ मिमीची चकती, म्हणजे कपडा ओढला जात नाही. सगळं मिळून वजन २० ग्रॅमच्या आत ठेवा.

पळस त्या मानाने सोपा, कारण निम्मं काम ट्यूब करते. पळसाच्या फुलाखालचा पुष्पकोश काळपट, मखमली असतो, आणि त्या काळ्यावरच केशरी पेटतो. नुसतं केशरी फूल केलं तर ते पळसाचं वाटत नाही. ट्यूब उभी कापून आतली पांढरी पूड धुऊन टाका. साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा धुवा आणि आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर टांगा, नाहीतर रबराचा वास गळ्याशी येत राहील. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर एकाच दिशेने घासा. चकाकी जाऊन पृष्ठभाग लवदार होतो. ३० गुणिले १४ मिमीचा तुकडा पेल्यासारखा गुंडाळून मागे शिवा. वरच्या कडेला दाते कापताना प्रत्येक खाचेच्या तळाशी आधी पंचने गोल भोक पाडा आणि कात्री तिथपर्यंतच न्या. रबर नेहमी टोकदार खाचेतून फाटत जातं, गोल भोकापाशी फाट थांबते. टाके कडेपासून किमान ३ मिमी आत.

पाकळ्यांना जुन्या छत्रीचं किंवा विंडचीटरचं केशरी कापड चालेल. पाच पाकळ्या: मागची मोठी एक, ४० गुणिले २२ मिमी, बाजूच्या दोन, ३५ गुणिले १२, आणि खालच्या दोन जोडून झालेली, पोपटाच्या चोचीसारखी वाकडी होडी. चोचीसाठी कापड दुहेरी घेऊन मध्ये तार घाला, नाहीतर ती लोंबते आणि फूल कोमेजलेलं दिसतं. हार करायचा तर ट्यूबच्या १० मिमी रुंद पट्टीची फांदी करून फुलं घोसात, एका बाजूला दाटीने लावा. सगळीकडे सारख्या अंतरावर नकोत. आणि पानं अजिबात लावू नका. पळस फुलतो तेव्हा झाड बहुतेक निष्पर्णच असतं. रबराची ॲलर्जी असणाऱ्यासाठी पट्टीला आतून सुती अस्तर लावा.

बहावा कानातल्यांसाठी. घोस लटकता असतो आणि फुलं वरून खाली उमलत जातात, म्हणून वर तीन पूर्ण उमललेली, मग दोन अर्धवट, खाली लहान होत गेलेल्या पाच-सहा कळ्या. हा क्रम उलटा लावलेले बहावे सर्रास दिसतात. पाकळ्यांना पिवळ्या रंगाच्याच एचडीपीई डब्याचं प्लॅस्टिक घ्या, तळाला २ आकडा असतो. त्यावर रंगही टिकत नाही आणि गोंदही, पण रंग त्याच्या अंगातच मुरलेला असल्याने बिघडत नाही. पाच पाकळ्या १० मिमीच्या, चमच्याच्या आकाराच्या. खऱ्या फुलात पुंकेसर दहा असतात, त्यातले तीन लांब आणि बाकदार. एवढ्या लहान आकारात ते तीनच दाखवा. कळ्यांना तुटलेल्या माळांचे ६, ५, ४ मिमीचे मणी. घोसाची लांबी ७ सेमी, वजन एका कानाला ८ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. कानात जाणारी कडी मात्र टाकाऊ तारेची कधीही करू नका. तिच्यात निकेल आहे की शिसं, कळत नाही. तेवढी सर्जिकल स्टीलची ०.८ मिमीची विकत घ्या. टाकाऊतून टिकाऊचा आग्रह कानाच्या भोकापाशी सोडायचा.

तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. त्याच्या पाकळ्या चुरगळलेल्या कागदासारख्या, आणि बुडाशी बारीक दांडीवर उभ्या. हे काम जुन्या जांभळट ऑर्गंझा किंवा जॉर्जेटचं, पण ते पॉलिस्टर असेल तरच. एक धागा जाळून बघा. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर, केस जळल्याचा वास येऊन राख चुरली तर रेशीम, कागदासारखी राख झाली तर सुती. २० सेमीचा चौकोन ओला करून बारीक चुण्यांत घडी घाला, दोरीसारखा पिळा, तो स्वतःभोवती गुंडाळू लागला की सुती दोऱ्याने करकचून बांधा आणि ४५ मिनिटं वाफवा. पूर्ण वाळल्याशिवाय सोडू नका, उत्सुकतेपोटी ओलं असतानाच सोडलं तर चुण्या निम्म्या उतरतात. पाकळ्या चुण्या पडल्यानंतर कापायच्या, आणि कडा मेणबत्तीच्या बाजूने, एक सेकंदाहून कमी वेळ, झर्रकन नेऊन बंद करायच्या.

टोचण्याबद्दल. कापलेल्या प्रत्येक प्लॅस्टिकच्या कडेला ४०० नंबरचा पेपर फिरवा आणि टोकं अर्धा मिमी गोल करा. मग कापसाचा बोळा सगळ्या कडांवरून फिरवा. तंतू अडकेल तिथे कड खराब, डोळ्याला दिसो वा ना दिसो. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची भिंत सुमारे ०.१ मिमी असते आणि कापलेली कड पात्यासारखी चालते. वापरायचाच असेल तर कड २ मिमी दुमडून ठोका, आणि तरीही गळ्याशी नको. उघडं तांबं घामाने त्वचेवर हिरवं उतरतं. वार्निश वाकणाऱ्या जागी तडकतं, म्हणून अंगाला लागणाऱ्या बाजूला कापडाचं किंवा ट्यूबचं अस्तरच बरं. जुन्या सर्किट बोर्डांचे तुकडे हिरव्या पानांसारखे दिसतात म्हणून मोह होतो. ते कापताना काचतंतूंची धूळ उडते आणि जुन्या डाकात (सोल्डरमध्ये) शिसं असतं. ते टाळा.

खरी बी-फुलं मिसळायचा विचार असेल तर दोन ठिकाणी थांबा. कळलावीचे सगळेच भाग विषारी आहेत, कंद आणि बिया विशेष. गुंजेचं कवच शाबूत असेपर्यंत ती त्रास देत नाही, पण ओवायला भोक पाडलं की आतलं जहाल विष उघडं पडतं आणि भुकटी बोटांना लागते. लाल-काळ्या मण्याचीच हौस असेल तर जुन्या मण्याला रंग द्या.

तयार दागिना उन्हात उभ्या गाडीत विसरू नका. आतलं तापमान इतकं वाढतं की कळलावीच्या लाटा सैल पडतात. पडल्याच तर मधल्या शिरेवरून गनची एक फेरी पुन्हा द्यावी लागेल, त्याआधी मागचा रंग स्पिरिटने खरवडून काढा. रंगासकट तापवण्यापेक्षा जपून ठेवलेली आठवी पाकळी बसवणं सोपं.